हातभर अंतर

सोहारच्या पाइप-यार्डात
दुपारी साडेबाराला भोंगा वाजतो
आणि माणसं सावलीच्या मापाने आडवी होतात.
ती आमच्या खोलीच्या एसीखाली, बाहेर,
थेंब थेंब भरणारा डबा राखत बसते.

तिला एक नाव नाही.
टेकबहादुर कान्छी म्हणतो,
शफीकुल बुडी,
मी नुसतं ‘ए’.
गुल जमान हात लावत नाही, नमाजी माणूस,
सळीने डबा तिच्यापुढे सरकवतो;
त्याच्या पाळीला तो डबा मी कोरडा पाहिलेला नाही.
सगळ्या हाकांना ती एकच कान हलवते.
दुसरा कुणीतरी कापलाय, कधीतरी.

वर्गीस फोरमनचा तिच्यावर राग.
साइटवर कुत्रं दिसलं की सेफ्टीवाला मलाच धरतो, म्हणायचा.
जूनमध्ये त्याने फेकलेला कपलिंगचा तुकडा
तिच्या मागच्या पायाला लागला.
तेव्हापासून तीन पायांवर चालते, चौथा टेकवते
आपण उधारी फेडतो तसा,
जमेल तेव्हा.
मीही त्याला शिव्या घालून घेतल्या त्या दिवशी.
अर्ध्या तिच्यासाठी,
अर्ध्या माझ्या चौदा तासांच्या ओव्हरटाइमसाठी.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी रात्री
वर्गीसची आई गेली, कोट्टायमला.
पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात,
ऑफिस उघडणार रविवारी.
आम्ही एकेक करून गेलो त्याच्याकडे.
शफीकुलने चहा नेला.
वय काय होतं, कुणीतरी विचारलं.
मग जो तो आपापल्या खाटेवर,
सुटल्यासारखा.

पाणी प्यायला उठलो तेव्हा दोन वाजले असतील.
तो चोवीस इंची पाइपावर बसलेला,
रिफायनरीची ज्योत त्याच्या चष्म्यात हलत होती.
ती आली.
सरळ नाही, लांबून वळसा घेत, लंगडत.
त्याचा हात कुठवर पोचतो
हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?
आणि बरोबर तिथंच बसली,
हातभर अंतरावर,
त्याच्याकडे पाठ, तोंड अंधाराकडे,
राखणीला बसल्यासारखी.

शेपूट हलवली नाही.
रडतोय का, थांबलाय का, वळून पाहिलं नाही.
माफ केलं म्हणावं, तर तसंही दिसेना:
तो जरा हलला
की तिचा तो पाय आखडायचा.
भीती होतीच.
भीतीसकट बसली होती.

मी दारात उभा, हातात तांब्या.
पाणी प्यायचं राहूनच गेलं.

वर्गीस रविवारी गेला, बाराव्या दिवशी परतला.
तिला गोंजारलं वगैरे काही नाही.
फक्त कपलिंगचे तुकडे आता
पेटीत भरून कुलपात ठेवायला लावतो.
सेफ्टी, म्हणे.

तुला हे का सांगतोय, रेश्मा.
एप्रिलात तुझं पोट रिकामं झालं
तेव्हा फोनवर मी काय काय बोललो.
डॉक्टर बदलू. पैसे पाठवतो.
अजून वय आहे आपलं.
अकरा मिनिटं.
रिचार्ज संपला तेव्हा मला बरं वाटलं होतं,
हे तुला कधी सांगितलं नाही.

त्या शुक्रवारी फोन लावला तो
काही सांगायला नव्हताच.
तू गप्प होतीस. मीही राहिलो.
तुझ्याकडे मागीलदारी कुणीतरी भांडी विसळत होतं,
माझ्याकडे एसीचा थेंब डब्यात पडत होता,
आणि ती, एक कान वर करून, बघत होती भलतीकडेच.
जीभ शिवशिवत होती माझी.
दाताखाली धरून बसलो.

बऱ्याच वेळाने म्हणालीस,
लाइन गेली का?

म्हटलं, आहे.